रोज मासे खाऊनही वडिलांचं बी-१२ कमी कसं?

तुम्ही लिहिलंय की सोमवार-गुरुवार सोडले तर घरात बांगडे नाहीतर पेडवे असतातच, तरी वडिलांचं बी-१२ कमी आलं, आणि शेजारी म्हणतात, 'मासे खाणाऱ्याला हे होत नाही.' होतं. मालवणात माझं मेडिकल आहे. मासळीशिवाय घास न उतरणारी माणसंही पायाला मुंग्या येतात म्हणून बी-१२ची इंजेक्शनं न्यायला येतात.

खाण्यात कमी नाही, अंगी लागत नाही, असा हा प्रकार. माशातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते जठरातलं आम्ल सोडवतं. मग जठरातच तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या भागात पोचवतं. शोषण होतं ते तिथेच.

हे कळलं कसं, तेही भन्नाट आहे (जेवत असाल तर नंतर वाचा). बॉस्टनच्या डॉ. विल्यम कॅसलनी खिमा खाल्ला, तासाभराने तो ओकून काढला आणि बी-१२ अंगी न लागल्याने रक्त कमी होणाऱ्या एका पांडुरोगाच्या रुग्णांना नळीने दिला. नुसत्या मांसाने न वाढणारं रक्त त्याने वाढलं, म्हणजे जठरातलंही काहीतरी लागतं! १९२९ साली त्यांनी ते छापलं.

आता वडिलांच्या गोळ्या. तुमच्या यादीत मधुमेहाची मेटफॉर्मिन आहे आणि रोज सकाळची पॅन्टोप्राझोल, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी. दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ उतरू शकतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून लगेच कळत नाही. पित्ताची गोळी तर चिठ्ठीशिवाय मागणारे ढीगभर येतात. कुणी आणि कशासाठी सुरू केली, हेच त्यांना आठवत नसतं. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने काही बंद करू नका, मधुमेहाची तर नाहीच.

वजन उतरत असेल, जुलाब होत असतील किंवा लोहही कमी असेल, तर आतडं तपासावं लागतं. आतड्याचा क्षयरोग बऱ्याचदा नेमका त्या शेवटच्या भागातच होतो.

नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा मात्र बिघडत राहतात.

इंजेक्शन नको असेल तर १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालेल का, विचारा. इंट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी त्यातलं साधारण १ टक्का आपसूक झिरपतं, आणि दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असते. पायाला मुंग्या सुरू झाल्या असतील तर मात्र डॉक्टर सहसा आधी इंजेक्शनच देतात.