वाचकांचे प्रश्न : दाबलेल्या काचेतला सरकलेला उंचवटा

प्रश्न : साध्या सिलिका काचेच्या रामन वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून कंपनं दाखवणारा आलेख) 50 सेंमी⁻¹ (कंपनाच्या वारंवारतेचं एकक) जवळ दिसणारा उंचवटा, उच्च दाबाखाली घट्ट केलेल्या तुकड्यात बसका झाला आणि वर सरकला. नमुना बिघडला की मापन चुकलं? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहे. साध्या सिलिका काचेची घनता 2.20 ग्रॅम प्रति घन सेंमी. तिच्यातले चतुष्फलक (मध्ये एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन) स्वतः ताठ, पण ऑक्सिजनच्या सांध्यांवर बिजागरीसारखे डुलतात. पोकळ्या असल्यामुळे डुलायला जागाही मिळते. काच दाबली की सांध्यांचे कोन मिटतात, पोकळ्या आवळतात आणि ही मंद कंपनं वरच्या वारंवारतेकडे जातात.

तरी खात्री करा. 440 सेंमी⁻¹ चा रुंद पट्टा वर सरकून अरुंद झाला आहे का? 606 ची रेघ, म्हणजे तीन चतुष्फलकांच्या कड्या, वाढली आहे का? हे झालेलं नसेल तर लेझरचा मूळ प्रकाश अडवणाऱ्या फिल्टरवर संशय घ्या. नेहमीचा एज फिल्टर 100 च्या आसपासच कापतो आणि त्या काठाशी खोटं शिखर उभं राहतं. 10 पर्यंत उतरणारा नॉच फिल्टर हवा.

दुसरी चूक तापमानाच्या दुरुस्तीची. 300 केल्विनला (n+1) हा गुणक (तापमानामुळे कंपनाचा संकेत किती पट वाढतो ते सांगणारा) 50 जवळ 4.7, तर 10 जवळ 21 असतो. त्याने भागल्यावर शिखराची जागाच बदलते. एक आलेख भागलेला, दुसरा कच्चा, अशी तुलना करू नका.

घनताही मोजाच. 20 मिलिग्रॅमचा तुकडा जेमतेम 9 मिलिग्रॅम पाणी सारतो, म्हणजे तराजूची 0.1 मिलिग्रॅमची चूक 1 टक्क्यावर जाते. बुडबुडा चिकटला तर विचारूच नका. थंड दाबाला 9 गिगापास्कलच्या आसपास कायमचा बदल सुरू होतो, 20 च्या पुढे घनता सुमारे 20 टक्के वाढते. तापवून दाबलं तर कमी दाबात भागतं. पण दाब काढल्यावर तुकडा पुन्हा तापवू नका, मिळवलेली घनता सैल पडते.

प्रश्न : तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो, तसंच का हे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : पूर्ण तसंच नाही. तार सैल केली की स्वर उतरतो, पण काचेवरचा दाब काढला तरी उंचवटा मूळ जागी येत नाही, कारण रचनाच बदललेली असते. शिवाय हा उंचवटा केवळ अस्ताव्यस्त रचनेचा, असंही नाही. उष्माधारकतेला तापमानाच्या घनाने भागलं की 10 केल्विनच्या आसपास तसाच फुगवटा क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या स्फटिकातही दिसतो, आणि त्याची घनता 2.33, साध्या काचेच्या जवळची. सोडा (सोडियम ऑक्साइड) घातलेल्या काचेत चतुष्फलकांचं जाळं तुटतं, तरी उंचवटा खाली न येता वर जातो. सोडियम पोकळ्यांत ठाण मांडून बसतो ना!