डाळिंब: छाटणीची जखम, इथरेलचा डोस आणि दुकानातलं टॉनिक

प्रश्न: बहार (फुलं-फळांचा हंगाम) धरण्यासाठी बाग जोरात छाटली. पानं हिरवीच होती, म्हणून चौथ्या दिवशी दुकानदाराच्या सांगण्यावरून लिटरला ५ मिली इथरेल (पानगळीचं औषध) मारलं. पानगळ झाली, पण आता फांद्या शेंड्याकडून वाळतायत. जखमा भरून यायला दुकानदार टॉनिक देतोय. मारू का? काहीजण कापावर शेण लावायला सांगतात, ते चालेल का?

उत्तर: टॉनिक मारू नका. शेणही नको, ते कापावर ओलावा धरून ठेवतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

ही तक्रार सांगोला, मंगळवेढा, आटपाडी या पट्ट्यात दर हंगामात ऐकतो. चूक जवळपास प्रत्येक वेळी तीच, म्हणून ती आधी समजून घ्या.

कात्री लागली की झाड काही मिनिटांत कामाला लागतं. फुटलेल्या पेशींच्या पडद्यातल्या स्निग्ध आम्लापासून विकरं (एन्झाइम) जस्मोनिक आम्ल तयार करतात. हा धोक्याचा निरोप. त्याच्या जोडीला झाड स्वतःच इथिलीन वायू बनवतं. मग फिनॉल नावाची रसायनं तयार होतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर त्यांना काळं पाडतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तेच हे. पेरॉक्सिडेज हे दुसरं विकर पेशींच्या भिंती कडक करतं, कापाखाली बूच-थर बसतो आणि कडेने ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या जोरावर नवी गाठ फुगते. आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड तो भाग आतून बंद करून टाकतं. त्याला दिवस, जाड फांदीला आठवडे लागतात.

इथरेल म्हणजे इथेफॉन, आणि झाडात गेल्यावर त्यातून सुटतं तेही इथिलीनच. ताज्या जखमांमुळे झाडात इथिलीन आधीच वाढलेलं असताना तुम्ही त्यावर कमाल डोसच्या अडीचपट ओतलंत. पानांबरोबर कोवळी काडीही गेली.

३९ टक्के इथेफॉनचा डोस लिटरला १ ते २ मिली. पानं पिवळी पडून गळायला लागली असतील तर १, हिरवट असतील तर जास्तीत जास्त २. पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिलीच्या वर थेंबही नको. "तुमची बाग दमदार आहे, ५ टाका" असं सांगणाऱ्याला बाटल्या खपवायच्या असतात, वाळलेली काडी तुमच्या वाट्याला येते. पानं गळत नसतील तर ताण पुरेसा बसलेला नाही, पाणी आणखी काही दिवस बंद ठेवा. ताणाची कसर डोसने भरून काढू नका. पुन्हा सांगतो, २ च्या वर नाही.

वेळही तितकीच महत्त्वाची. मोठी छाटणी फळं उतरल्यावर लगेच उरका, मग विश्रांती, मग ताण, मग इथरेल. बहाराच्या वेळी फक्त शेंड्याची हलकी छाटणी. इथेफॉन आम्लधर्मी पाण्यात टिकतं, अल्कधर्मी पाण्यात टाकीतच फुटायला लागतं. म्हणून कालवलं की लगेच मारा, भर उन्हात मारू नका, बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात) तर कधीच मिसळू नका.

आता काय करायचं? वाळलेल्या काडीची साल नखाने खरवडा. आत तपकिरी दिसली तर खाली सरका, हिरवी लागली की तिथून थोडं खाली तिरका काप घ्या. एकदाच. दर आठवड्याला कात्री चालवली तर दर आठवड्याला नवी जखम. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवा, नाहीतर तेल्या रोगाचे जिवाणू तुम्हीच झाडोझाड नेता. पाणी हलकं द्या आणि युरियाला हात लावू नका.

आणि त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, प्रत्येक जाड कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट. मी आग्रह धरतो तो एवढ्या एका कामाचा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये विझवून, गार झाल्यावर दोन्ही एकत्र ढवळा. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी लावू नका. झाडाची खपली बसेपर्यंत ही पेस्ट जागा राखते. कमकुवत झाडाकडे पिन होल बोरर, म्हणजे खोडाला बारीक भोकं पाडणारा किडा, आधी वळतो, म्हणून खोडावरही लावा.

टॉनिकच्या बाटलीतलं ऑक्सिन, सायटोकायनिन, सॅलिसिलिक झाड स्वतःच्या हिशोबाने बनवतं. बाहेरून सॅलिसिलिक जास्त झालं तर जस्मोनिकचा निरोपच दबू शकतो. तो पैसा मोरचूद आणि चुन्यात घाला.



वाळ खोडापर्यंत उतरली किंवा आडव्या कापात लाकडावर काळपट डाग दिसले, तर तो इथरेलचा दोष नाही, मर रोग असू शकतो. अशा फांदीचा वीतभर तुकडा कागदात गुंडाळून आमच्या कार्यालयात घेऊन या, दुकानात नेऊ नका.