यॉर्कशायर वोल्ड्समधील शांत रस्ते : दोन दिवसांच्या सायकलप्रवासाविषयी

आपण पुण्याहून लीड्सला आला आहात, सिंहगड आणि बोपदेव घाट रोडबाइकवर चढलेले आहात, आणि आता रहदारी नसलेल्या पण अगदी सपाटही नसलेल्या इंग्लिश ग्रामीण रस्त्यांवर दोन दिवस काढू इच्छिता. दक्षिणेकडील कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशाचे नाव सुचवले गेले आहे, मात्र अरुंद रस्त्यांवर समोरून मोटार आली तर काय, ही धास्ती आहे, असा आपला प्रश्न आहे. कॉट्सवोल्ड्सच्या सौंदर्याबद्दल दुमत नाही. परंतु उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तेथील नावाजलेल्या गावांत मोटारींची रीघ लागते आणि लीड्सहून तो भाग दूरही पडतो. माझे स्पष्ट मत असे, की आपण पूर्वेला यॉर्कशायर वोल्ड्समध्ये जावे. गेली बारा वर्षे मी तेथे सायकल चालवतो आहे आणि आपल्याला हवे तसे रस्ते मला इतरत्र क्वचितच सापडले आहेत.

प्रथम धास्तीविषयी. इंग्लंडमधील अनेक ग्रामीण रस्ते आपल्याकडच्या पाणंदीसारखे असतात. दोन्ही बाजूंना उंच बांध, त्यावर दाट कुंपण, आणि वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. वोल्ड्समधील बरेचसे रस्ते मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, मोकळ्या जमिनीची वाटणी होऊन तिला कुंपणे पडली, त्या वेळी आखले गेले. ते बऱ्याच अंशी सरळ आहेत आणि डांबराच्या दोन्ही अंगांना गवताचे रुंद पट्टे सोडलेले आहेत. डांबर अरुंद असले तरी समोरचे वाहन दुरून दिसते आणि थांबायला जागाही मिळते. कायद्याने अशा रस्त्यांवर मोटारींना ताशी 60 मैलांपर्यंत वेग ठेवता येतो, म्हणून चालकांना दुरून दिसावे यासाठी कडेला चिकटून न चालता मधून चालावे. शांत रस्त्यांवर असेच चालावे, असे 2022 मध्ये सुधारलेल्या हायवे कोडमध्येही (ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत) सांगितले आहे. मागून वाहन आले, की सोयीची जागा पाहून बाजूला व्हावे.

आता चढाविषयी. येथील सर्वांत उंच जागा, गॅरोबी हिल, अवघी 246 मीटर आहे. आपण केलेल्या घाटांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण घाटात एकदा लय सापडली की ती माथ्यापर्यंत टिकते, आणि येथे ती दर दोन-तीन किलोमीटरला मोडते. याचे कारण जमिनीत आहे. हा सारा प्रदेश खडूच्या दगडाचा आहे आणि पावसाचे पाणी त्यात मुरून जाते. हिमयुगात जमीन गोठलेली असताना वितळलेल्या बर्फाचे पाणी पृष्ठभागावरून वाहिले आणि त्याने खोल दऱ्या कोरल्या; पुढे जमीन मोकळी झाल्यावर पाणी खाली गेले आणि दऱ्या कोरड्या राहिल्या. त्यांच्या तळाशी ओढा नाही, फक्त गवत आहे आणि चरणाऱ्या मेंढ्या. मार्ग निवडताना एवढे लक्षात ठेवावे, की दरीच्या तळातून जाणारा रस्ता इतका हळूहळू चढतो की चढ आहे हे गिअर बदलताना कळते, आणि दरी आडवी ओलांडणारा रस्ता मात्र आपल्याला खाली टाकून लगेच भिंतीसमोर उभा करतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर (शीट 100, 101, 106 आणि 107) हा फरक घरबसल्या ओळखता येतो. पिवळे रस्ते हे गौण रस्ते. त्यांतही बारीक पिवळी रेघ म्हणजे चार मीटरपेक्षा अरुंद. रस्त्यावर एक बाण असेल तर चढ 14 ते 20 टक्के, दोन बाण असतील तर त्याहून अधिक, आणि बाणाचे टोक उताराकडे असते. मोबाइलवरील मार्गदर्शक ॲप अंतर वाचवण्यासाठी हमखास आडवे रस्ते काढून देतात, म्हणून नकाशा आधी डोळ्यांखालून घालावाच.

पहिल्या दिवशी रेल्वेने यॉर्कला उतरून वे ऑफ द रोझेस या मार्गाच्या पाट्या धराव्यात. पश्चिम किनाऱ्यावरील मोरकमपासून पूर्व किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टनपर्यंत 170 मैलांचा हा सायकलमार्ग 2010 मध्ये सुरू झाला. स्टॅमफर्ड ब्रिज आणि पॉकलिंग्टनपर्यंत तो जवळपास सपाट आहे. खरी मजा त्यानंतर हगेटपर्यंतच्या टप्प्यात आहे, तेथे घाई करू नये. मुक्काम ड्रिफील्डला. वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे हा दिवस वाऱ्याच्या साथीने जातो. यॉर्कहून ड्रिफील्डला जाणारा ए 166 हा मुख्य रस्ता नकाशावर सोपा दिसतो, पण समुद्राकडे निघालेल्या मोटारींनी तो भरलेला असतो. तो फक्त ओलांडण्यापुरताच वापरावा.

दुसऱ्या दिवशी गार्टनमार्गे स्लेडमिअरला यावे. येथे पहिल्या महायुद्धातील वॅगनर्सचे स्मारक आहे. या भागातील शेतगाड्या हाकणाऱ्या हजारावर गड्यांची लष्करी राखीव फळी सर मार्क साइक्स यांनी उभारली होती, आणि मध्यपूर्वेची ब्रिटन व फ्रान्समध्ये वाटणी ठरवणाऱ्या 1916 च्या साइक्स-पिको करारातील साइक्स ते हेच. गोल स्तंभावर ती माणसे शेतातून उठून युद्धावर कशी गेली, हे पट्टीपट्टीने कोरलेले आहे. मी दर वेळी तेथे थांबतो. पुढे फिमरवरून बर्डेल आणि तेथून थिक्सनडेल हा तुकडा संपूर्ण प्रवासाचा गाभा आहे. रस्ता दरीच्या तळातून वळत जातो, दोन्ही बाजूंच्या हिरव्या उतारांनी समोरचा वारा अडतो आणि चाकांचा आवाज स्वतःलाच ऐकू येतो. वाकडी वाट करायची असेल तर बर्डेलपासून जवळच व्हॅरम पर्सी हे मध्ययुगात उजाड झालेले गाव आहे. छप्पर नसलेले चर्च आणि गवताखाली घरांचे उंचवटे, एवढेच तेथे उरले आहे. मात्र शेवटचा भाग पायी जावे लागते आणि क्लीटच्या (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या) बुटांनी त्या चिखलात हाल होतात.

थिक्सनडेलनंतर वर चढून लेव्हनिंग किंवा बर्डसॉलच्या बाजूने मॉल्टनकडे उतरावे. तेथे वोल्ड्सचा कडा एकदम तुटतो, उतार तीव्र आहे आणि खाली वळणे आहेत, तेव्हा ब्रेक आधीच तपासावेत. मॉल्टनहून लीड्सला थेट रेल्वेगाडी मिळते.

गिअरसाठी पुढे 50 आणि 34 दातांची चक्रे आणि मागे 32 किंवा 34 दातांपर्यंतची कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) असावी. टायर 28 मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत. पाऊस पडून गेल्यावर शेतातील चकमकीच्या दगडाच्या धारदार कपच्या रस्त्यावर येतात. त्याहून त्रासदायक म्हणजे कुंपणातील हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे. मार्च ते ऑगस्ट शेतकऱ्यांना कुंपणे छाटण्यास मनाई असते, आणि सप्टेंबरपासून छाटणी सुरू झाली की काटे डांबरावर विखुरतात. एका ऑक्टोबरात मी हगेटजवळ ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत तीही बसली. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवले तेव्हा तांदळाच्या दाण्याहून लहान, काळे टोक नखाला लागले. ट्यूब बदलण्यापूर्वी टायर आतून चाचपावा, हे तेव्हापासून मी चुकवत नाही.

पाणी दोन बाटल्या भरून घ्यावे, कारण ओढे नाहीत तशी गावेही विरळ आहेत. घोडेस्वार दिसल्यास वेग कमी करून दुरूनच आवाज द्यावा आणि किमान दोन मीटर अंतर राखून पुढे जावे. ऑगस्टमध्ये कापणीचे ट्रॅक्टर संपूर्ण रस्ता व्यापतात, म्हणून माझी पसंती मे अखेर ते जून; त्या वेळी कुंपणे पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. रेल्वेत सायकलींसाठी जागा मोजकीच असते, तेव्हा आपल्या गाडीत ती आधी राखून ठेवावी लागते का, हे तिकीट काढतानाच पाहून घ्यावे.