खाली दुकान, वर घर

प्रश्न : आमच्या सोसायटीत तळमजल्यावर गाळे आहेत, वर चार मजले घरं. एका गाळ्यात वडा-मिसळीचं हॉटेल आल्यापासून मागचं चेंबर सारखं तुंबतं. प्लंबर मोकळं करून जातो, महिन्याभरात पुन्हा तेच. त्यात गाळेवाले लिफ्टचे पैसे द्यायला तयार नाहीत. (डोंबिवली)

उत्तर : चेंबरची झाकणं हॉटेलपासून रस्त्याच्या दिशेने एकेक करून उघडा. शेवटचं भरलेलं चेंबर आणि त्याच्या पुढचं रिकामं, या दोघांच्या मधल्या पाइपात चोकअप आहे. काढलेल्या घाणीत पांढरट, साबणाच्या वडीसारखे गोळे असतील तर दोष तेलाचा. गरम खरकट्या पाण्याबरोबर तेल पातळ होऊन निघून जातं आणि पुढे गार पाइपाला आतून चिकटतं. प्लंबर सळई घालून मधोमध भोक पाडतो. कडेचा थर तसाच राहतो, म्हणून महिन्याभरात पुन्हा बोलवावं लागतं. अ‍ॅसिड ओतू नका. फार तर गोळा थोडा पुढे सरकतो.

खरा उपाय म्हणजे हॉटेलच्या सिंकनंतर, चेंबरच्या आधी ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवून ठेवणारी टाकी. टाकीत शिरणारं पाणी संथ व्हायला हवं, तरच तेल वर तरंगतं. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं हवं, म्हणजे खालचं पाणी तेवढं पुढे जातं. टाकी लहान पडली तर पाणी गार व्हायच्या आतच तेलासकट पुढे पळतं. संडासाची लाइन त्यात जोडायची नाही. वरचा थर आठवड्याला काढावा लागतो. हॉटेलवाले नेमके इथेच कंटाळतात, तेव्हा कोण काढणार ते आधीच लिहून घ्या. लेखी पत्र भाडेकरूला नव्हे, गाळामालकाला द्या. सभासद तो आहे. गाळा भाड्याने दिलेला असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः जागा वापरत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावता येतं. राग आला म्हणून जास्त लावू नका.

लिफ्टचं भांडण उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीने, मिटवलेलं आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी खर्च सारखा वाटून घ्यायचा, कोणी वापरो वा न वापरो. गाळ्यातल्या मालामुळे विम्याचा हप्ता वाढला तर मात्र तो जादा भार त्या गाळेवाल्यांवर.

प्रश्न : फ्लॅट विकून गावाजवळ बंगला बांधला तर मेंटेनन्स वाचेल ना? (पुणे)

उत्तर : दरमहाचं बिल वाचेल, खर्च नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतला हिशेब घ्या : बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा), जमिनीची किंमत सोडून. 40 लाखांचं बांधकाम असेल तर वर्षाला 40 हजार बाजूला टाका. फ्लॅटमध्ये एक गच्ची सगळ्यांत वाटली जाते; बंगल्याची गच्ची, चारही बाहेरच्या भिंती आणि पंप एकट्याच्या डोक्यावर. पंपाला फ्लोट स्विच (पाणी संपलं की पंप बंद करणारा) बसवाच, खालची टाकी रिकामी असताना चालला की सील जळतं. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो भरू दिला तर गाळ शोषखड्ड्यात जाऊन माती बुजते, आणि मग खड्डाच नवा खणावा लागतो.