महासाथीत प्राथमिक आरोग्यसेवेचा चमू

प्रश्न : डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता मिळून जी प्राथमिक आरोग्यसेवा चालवतात, तिची घडी महासाथीत कशी बदलते?

उत्तर : कोविड-१९च्या काळात, २०२० मध्ये, अशा अनेक चमूंनी तापाच्या रुग्णांची वाट वेगळी केली आणि जमेल तेवढी सल्लामसलत फोनवर नेली. खरी कसोटी मात्र जुन्या रुग्णांची : मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा जो रुग्ण भीतीपोटी येतच नाही, त्याचे नाव नोंदवहीतून शोधून परिचारिकेने फोन करावा, घरच्या यंत्रावरचा आकडा विचारावा आणि शंका वाटताच त्याला डॉक्टरांकडे सोपवावे, ही विभागणी मला सर्वांत मोलाची वाटते. कर्मचारी दोन गटांत विभागल्यास एक गट विलगीकरणात गेला तरी दवाखाना चालू राहतो. फक्त दोन्ही गटांची गाठ पडत नसल्याने रोजच्या नोंदी काटेकोरपणे लिहाव्या लागतात.