पेज पिऊनही तासाभरात भूक का लागते?

प्रश्न : गुहागरमध्ये माझं छोटं पाळणाघर आहे. मुलं दीड ते चार वर्षांची. दहा वाजता वाटीभर पेज देते, आवडीने पितात. पण अकराला चिडचिड आणि बिस्किटांचा हट्ट. पेज दाट केली की धाकटी तोंड फिरवतात. काय करावं?

उत्तर : मुलं खरोखरच भुकेली असतात. २०० मिली पातळ पेजेत जेमतेम १० ग्रॅम तांदूळ, म्हणजे सुमारे ३५ कॅलरी. पोट पाण्याने भरतं आणि लवकर रिकामं होतं.

यावर मोडाच्या नाचणीचं पीठ फार गुणाचं. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) वाढतं आणि ते स्टार्च तोडतं. त्यामुळे घट्ट खीर पाणी न वाढवता सैल होते.

एका मुलासाठी २० ग्रॅम साधं नाचणीचं पीठ आणि १० ग्रॅम भाजलेल्या मूगडाळीचं पीठ २०० मिली गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात गुठळ्या होतात. मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबा, मग अर्धा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. खीर बघता बघता पळीवरून धारेने पडू लागते. उकळत्या खिरीत घातलं तर विकर निकामी होतं. बहुतेकांचं इथेच फसतं. सैल झाली की पुन्हा एक उकळी आणाच, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात. वर चमचाभर तूप. वाटीत आता १४० कॅलरींच्या आसपास भरतात. दोन वर्षांखालच्यांना गूळ-साखर नको, पिकलं केळं कुस्करून घाला.

मोडाचं पीठ आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीतच, एप्रिल-मेच्या उन्हात करून ठेवा. नाचणी धुऊन आठ-दहा तास भिजवा, निथळून ओल्या फडक्यात दिवसभर बांधा. पांढरे मोड दिसले की पातळ पसरून कडकडीत वाळवा, चोळून मोड झाडा, दळा. खमंग भाजू नका, विकर जातं. पावसाळ्यात करायचंच तर वाटीभरच घ्या, पंख्याखाली वाळवा. कुबट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर सगळंच टाकून द्या.

आणि नाचणीचं पीठ गाळू नका. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गाळून सत्त्व काढलं की कोंड्याबरोबर त्यातला बराच वाटा जातो.

प्रश्न : पाळणाघरात मासे द्यावेत का? काट्यांची भीती वाटते. (मालवण)

उत्तर : जरूर द्या, पण पहिल्यांदा घरी खाऊन पचलाय का ते पालकांना विचारून घ्या. तारलीचे केसासारखे काटे हाताला लागत नाहीत, ती लहानांना नको. बांगडा अख्खा उकडा, मधला काटा डोक्यासकट उचला, पोटाकडचा भाग सोडून पाठीचं मांस घ्या. ते ताटलीवर बोटांनी दाबत चुरा आणि मऊभातात कालवा. कालवणातली तुकडी देऊ नका. ढवळताना सुटलेला काटा रश्शात दिसत नाही. मासळी नसेल तेव्हा कुळथाची पिठी-भात. अख्खे काजू, शेंगदाणे आणि आठळ्या मात्र या वयात अजिबात नकोत, श्वासनलिकेत अडकतात.