‘विट’, ‘वाइज’ आणि ‘विटनेस’ हे इंग्रजी शब्द एकाच मुळातून आले आहेत का? त्यांचे जुने अर्थ काय होते?

होय, हे तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, आणि ‘वेद’, ‘विद्या’, ‘विद्वान’ हे आपले शब्दही त्याच कुळातले आहेत. इंग्रजीने ते संस्कृतातून उचलले असे मात्र नव्हे. १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी ज्या लुप्त मूळ भाषेची शक्यता मांडली, तिच्याकडून या सर्व शब्दांमागचा धातू संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही घराण्यांकडे वेगवेगळ्या मार्गांनी आला. संस्कृतातला ‘द’ इंग्रजीत ‘ट’ होऊन येतो, हे ‘दश’ आणि ‘टेन’, ‘द्वि’ आणि ‘टू’ या जोड्यांतही दिसते. या बदलाचा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडला.

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विटान’ म्हणजे जाणणे. ‘मी जाणतो’ याला ‘इच वाट’ म्हणत आणि ‘आम्ही जाणतो’ याला ‘वे विटोन’. (या ‘वाट’चा आपल्या रस्त्याच्या वाटेशी काही संबंध नाही, ती ‘वर्त्मन्’पासून आली.) आता शेजारी संस्कृत रूपे ठेवून पाहा: ‘अहं वेद’, ‘वयं विद्म’. एकवचनात स्वर बदलतो आणि अनेकवचनात ऱ्हस्व इकार येतो, हा नेमका तोच खेळ दोन्हीकडे टिकून आहे. मी संस्कृत शिकत असताना ‘वेद’ हे रूप मला फार कोड्यात टाकत असे, कारण त्याचे प्रत्यय परोक्ष भूतकाळाचे असूनही अर्थ वर्तमानकाळाचा आहे, आणि ‘ददर्श’, ‘चकार’ यांत दिसणारे द्वित्वही (धातूचे पहिले अक्षर दोनदा येणे) त्यात नाही. पाणिनीने ‘विदो लटो वा’ या सूत्राने ही रूपे वर्तमानकाळात विकल्पाने मान्य केली आहेत. उलगडा झाला तो जुन्या इंग्रजीकडे पाहिल्यावर, कारण तिथेही ‘वाट’ हे घडणीने भूतकाळाचेच रूप आहे. मूळ धातूचा अर्थ ‘पाहणे’ असा होता आणि लॅटिनमध्ये तो तसाच राहिला, म्हणून त्या बाजूने ‘व्हिजन’ आणि ‘व्हिडिओ’ हे शब्द आले. ‘मी पाहिले आहे’ म्हणून ‘मला ठाऊक आहे’, असा हा अर्थाचा प्रवास आहे.

हे लक्षात घेतले की ‘विटनेस’ हा शब्द मला या कुळातला सर्वांत सुंदर वाटतो. त्याच्या शेवटी ‘गुडनेस’मधला भाववाचक प्रत्यय आहे, म्हणजे मूळ अर्थ ‘जाणतेपण, ज्ञान’. त्यावरून ‘साक्ष’ आणि त्यानंतर साक्ष देणारा माणूस. आपला ‘साक्षी’सुद्धा पाणिनीच्या मते ‘साक्षात् पाहणारा’च आहे, जरी तो शब्द ‘अक्ष’ म्हणजे डोळा यावरून घडला असला तरी.

‘वाइज’ याचे जुने रूप ‘वीस’, अर्थ जाणता. ‘विटा’ म्हणजे जाणता सल्लागार, आणि अशा जाणत्यांच्या राजसभेला ‘विटेनायेमोट’ म्हणत; जानेवारी १०६६ मध्ये हॅरॉल्डला इंग्लंडचा राजा म्हणून याच जाणत्यांनी निवडले. ‘विट’ म्हणजे तेव्हा नुसती बुद्धी. हजरजबाबीपणाचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला, तरी ‘अनविटिंग’ म्हणजे नकळत, या शब्दात जुना अर्थ अजून शाबूत आहे. कायद्याच्या लेखनात ‘टू विट’ असे येते तेव्हा त्याचा अर्थ ‘म्हणजे असे की’ एवढाच असतो. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘विस्ट’ हे भूतकाळाचे रूप आढळते, आणि ते या क्रियापदाचेच आहे हे माहीत नसेल तर वाचक तिथे हमखास अडखळतो.

‘विझर्ड’ हाही ‘वाइज’वरूनच झाला आणि पंधराव्या शतकात त्याचा अर्थ ज्ञानी पुरुष असा होता. त्याच्या जोडीने येणारा ‘विच’ हा शब्द मात्र या कुळात घेऊ नये: तो जुन्या इंग्रजीतील ‘विच्चा’, ‘विच्चे’ या रूपांपासून आला असून ती रूपे ‘विटान’शी जुळत नाहीत. ‘विच म्हणजे ज्ञानी स्त्री’ ही व्युत्पत्ती अनेक ठिकाणी आत्मविश्वासाने सांगितलेली आढळते. अर्थ जवळचा वाटला तरी ध्वनी जुळल्याशिवाय असे नाते मानता येत नाही.